त्रास मुलाचा, खूण कोणाची?

माझ्या भाचीला दमा आहे. ती ९ वर्षांची असताना एका तपासणीआधी आमच्या हातात दोन कागद आले, एक तिच्यासाठी आणि एक तिच्या आईसाठी. प्रश्न तेच होते, फक्त एकात 'मला' आणि दुसऱ्यात 'माझ्या मुलाला/मुलीला'. ताई बाकाच्या एका टोकाला, भाची दुसऱ्या टोकाला आणि मध्ये मी, दप्तर सांभाळत. दोन्ही कागद मला दिसत होते. गेल्या महिन्याभरात धावायला त्रास झाला का? ताईने 'बऱ्याचदा'वर खूण केली, भाचीने 'कधीच नाही'वर. आपलं पुढे काय होईल याची काळजी वाटते का? ताईचं उत्तर 'कधीच नाही'. भाचीने पेन्सिल दोनदा गिरवून 'जवळजवळ नेहमी'.

कागद गोळा करायला आलेल्या बाईंनी दोन्हींवर नजर टाकली, हसल्या आणि भाचीचा कागद परत तिच्याच हातात दिला. "लहान मुलं काहीही लिहितात हो. आईचाच धरू या."

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्या बाईंशी नाही, कारण मुलांच्या जगण्याचा दर्जा मोजण्याच्या सगळ्या खटाटोपात हेच वाक्य जरा सभ्य कपडे घालून फिरत असतं. जे मूल उत्तर देऊ शकतं, त्याचं उत्तर हाच त्याचा आकडा, असं माझं मत आहे. आईबापांचं उत्तरही हवं, पण ते आईबापांचं म्हणूनच लिहावं. मुलाच्या नावावर चढवू नये.

मुळात हे मोजायचंच कशाला, असं विचारणारे भेटतात. रक्त तपासा, फुप्फुसांची क्षमता बघा, झालं. पण बालपणीचे कितीतरी आजार आता जीव घेत नाहीत, सोबत राहतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातून वाचणारी मुलं अगदी थोडी होती. आज त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, जिथे उपचार नीट मिळतात तिथे, दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात. मूल वाचलं की पुढचा प्रश्न येतो, ते जगतंय कसं? झोप लागते का, मित्र आहेत का, शाळा किती बुडते, चिडवतात का. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालीच लिहून ठेवलं होतं की आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नाही, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्यही त्यात येतं. या मोजमापाला 'आरोग्यसंबंधित जीवनगुणवत्ता' असं जड नाव आहे. 'जीवनमान' म्हणावं तर डोळ्यांसमोर पगार आणि घर येतं, म्हणून मी आपला 'जगण्याचा दर्जा' म्हणतो.

मोठ्यांच्या पट्टीने मुलाला मोजलं की काय होतं, याचा एक जुना नमुना मला फार आवडतो. कर्करोगाच्या रुग्णाची अवस्था सांगायला १९४९ साली कार्नोफ्स्की मोजपट्टी आली, शून्य ते शंभर. माणूस आपलं काम करू शकतो का, स्वतःचं स्वतः आवरतो का, यावर तिचा सगळा भर. आता चार वर्षांच्या मुलाचं काम कोणतं? पुढे ऐंशीच्या दशकात लान्स्की आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी वेगळी पट्टी केली आणि कामाच्या जागी खेळ ठेवला. मूल पूर्वीसारखं खेळतं का, लवकर दमतं का, धावपळीचे खेळ सोडून बैठ्या खेळांकडे वळलं का, की नुसतं पडून राहतं? गुण आईबाप देतात, पण काय दिसतं यावरून देतात. मुलाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज त्यात मागितलेलाच नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या प्रश्नावल्यांपैकी एक म्हणजे जेम्स व्हार्नी यांची पेड्स-क्यूएल. आमच्या हातात तीच होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीत २३ प्रश्न आहेत : शरीराचे ८, भावनांचे ५, मित्रमंडळींचे ५ आणि शाळेचे ५. प्रत्येकाला 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत पाच पर्याय. पाच ते सात वर्षांच्या मुलांना प्रश्न वाचून दाखवतात आणि पाचऐवजी तीन चेहरे पुढे ठेवतात. 'कधीच नाही'ला १००, 'जवळजवळ नेहमी'ला शून्य, मधल्यांना ७५, ५० आणि २५. सगळ्यांची सरासरी म्हणजे मुलाचा आकडा.

आता गणित करून पाहा. एखादं मूल बावीस प्रश्नांना 'कधीच नाही' म्हणतं आणि एकाच प्रश्नाला, पुढे माझं काय होईल या प्रश्नाला, 'जवळजवळ नेहमी' म्हणतं. त्याचे गुण किती? ९५.६५. उत्तम! शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आले असते तर घरी पेढे आले असते. एक प्रश्न एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला तर एकूण आकडा ४.३५ ने हलतो. आणि या प्रश्नावलीत अर्थपूर्ण मानला जाणारा लहानात लहान बदल, मुलाने स्वतः भरलेल्या कागदासाठी, ४.४ धरतात. म्हणजे महिनाभर रोज रात्री छताकडे बघत पडणारं मूल त्या रेषेच्या केसभर अलीकडेच राहतं. सरासरीचा स्वभावच तो. म्हणून एकूण आकडा हा कागदाचा सर्वांत निरुपयोगी भाग आहे, असं मी म्हणतो आणि संशोधक माझ्यावर नाराज होतात. हजार मुलांच्या दोन गटांची तुलना करायला तो लागतो, हे मान्य. समोर बसलेल्या एका मुलासाठी मात्र तेवीस खुणा वाचाव्यात.

प्रश्न कसे विचारले आहेत, यातही गोम आहे. चालायला जड जातं का, जड वस्तू उचलता येते का, स्वतःची अंघोळ स्वतः करता येते का, डॉक्टरकडे जाण्यापायी शाळा बुडते का. हे झालं काय जमतं आणि काय नाही याचं मोजमाप. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाचे गुण पहिल्या काही प्रश्नांतच गळून पडतात, मग ते मूल वर्गातलं सर्वांत खोडकर आणि मजेत असणारं का असेना. युरोपातल्या तेरा देशांनी मिळून २००१ ते २००४ दरम्यान तयार केलेली किडस्क्रीन प्रश्नावली उलट बाजूने येते. तुला बरं वाटलं का, आईबाबांनी पुरेसा वेळ दिला का, मित्रांबरोबर मजा आली का, असे तिचे प्रश्न. दोन्ही प्रश्नावल्यांवर 'जगण्याचा दर्जा' अशीच चिठ्ठी लावलेली. पण एक मोजते अडथळे आणि दुसरी मोजते अनुभव. कोणती वापरली हे न सांगता नुसता आकडा पुढे करणं म्हणजे एकक न सांगता उंची सांगणं.

आता आईबापांकडे येऊ. मुलाचं आणि पालकाचं उत्तर किती जुळतं, यावर बरंच काम झालं आहे. दिसणाऱ्या गोष्टींत, म्हणजे चालणं, खेळणं, ताप, उलटी यांत, बऱ्यापैकी जुळतं. भीती, उदासपणा, मैत्री यांत कमी. आणि चूक एकाच दिशेची नसते. निरोगी मुलांचे पालक मुलाचं बरं चाललंय असं मुलापेक्षा जास्त समजतात, आजारी मुलांचे पालक बरेचदा मुलापेक्षा वाईट चित्र रंगवतात. यात पालकांना दोष देण्यासारखं काही नाही. दम्याच्या मुलीची आई रात्री श्वास मोजत जागी असते. 'माझ्या मुलीला त्रास होतो का' या प्रश्नाला ती देते ते उत्तर अर्धं मुलीचं आणि अर्धं तिच्या स्वतःच्या जागरणाचं. ते जागरण खरं आहे, त्याचीही नोंद हवी आणि त्यासाठी वेगळी प्रश्नावली हवी. पण आईचा थकवा मुलीच्या खात्यात जमा झाला, तर दोघींचाही हिशेब चुकतो.

मोठ्यांनी मुलांच्या वतीने ठरवण्याचा इतिहास काही फार अभिमानाचा नाही. नवजात बाळांना वेदना जाणवत नाहीत, किंवा जाणवल्या तरी लक्षात राहत नाहीत, अशी समजूत विसाव्या शतकात इतकी घट्ट होती की ऐंशीच्या दशकातही काही बाळांवर अगदी कमी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. हालचाल होऊ नये म्हणून स्नायू शिथिल करायचं औषध देत, वेदनेचं मात्र फारसं काही नाही. १९८७ साली डॉक्टर कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की पुरेशी भूल न मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरात शस्त्रक्रियेच्या ताणाची प्रतिक्रिया कितीतरी तीव्र उमटते आणि नंतरची गुंतागुंतही वाढते. बाळं बोलत नव्हती एवढाच त्यांचा अपराध. 'लहान मुलं काहीही लिहितात' हे वाक्य ऐकलं की मला ती बाळं आठवतात. तुलना जरा ताणलेली आहे, कबूल. पण मुळात वृत्ती तीच.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा हलका नाही. सहा वर्षांच्या मुलाला 'गेला महिना' म्हणजे किती ते कळत नाही. लहान मुलं पर्यायांच्या टोकाला जातात, मधलं घर त्यांना आवडत नाही. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून हसरा चेहरा निवडतात. हे सगळं खरं आहे. पण यावरून मुलांना विचारू नये असं कसं निघतं? नीट विचारावं, एवढंच निघतं. वेदना मोजणाऱ्या चेहऱ्यांच्या पट्ट्यांचं उदाहरण घ्या. वाँग-बेकर पट्टीत पहिला चेहरा हसरा आणि शेवटचा अश्रू ढाळणारा. मग दुखत नसलं तरी घरची आठवण येणारं मूल कोणता चेहरा निवडणार? आणि दुखत असूनही न रडणारं मूल? ही अडचण ओळखून २००१ साली सुधारून घेतलेल्या दुसऱ्या एका पट्टीत हसूही नाही आणि अश्रूही नाहीत, पहिला चेहरा साधा आणि पुढचे फक्त वेदनेने आवळत गेलेले. चूक पट्टीत होती, ती पट्टीत दुरुस्त केली. मुलाला अविश्वासू ठरवायची गरज पडली नाही.

भाचीच्या 'धावायला त्रास कधीच नाही' या खुणेचं उत्तर नंतर घरी, जेवताना कळलं. "मी धावतच नाही ना. मी गोलकीपर असते." त्रास होऊ नये म्हणून तिने धावणंच सोडलं होतं. मग ताईचं उत्तर बरोबर ठरलं का? नाही. ताईला वाटत होतं मुलगी धावते आणि धापा टाकते. एका प्रश्नाला दोन उत्तरं आली आणि त्यांच्यामधल्या फटीत तिसरीच गोष्ट लपलेली. तफावत दिसली की संशोधनात तिला गोंगाट म्हणतात. मला वाटतं, तफावत दिसली की तिथेच थांबून विचारावं, कारण सगळ्या कागदावर तीच सर्वांत बोलकी जागा असते.

जी मुलं उत्तर देऊच शकत नाहीत त्यांचं काय? तान्ही बाळं, बौद्धिक अक्षमता खोल असलेली मुलं, बेशुद्ध मुलं. इथे पालकांशिवाय इलाज नाही, आणि नेमकं इथेच प्रश्न बदलायला हवा. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००९ सालच्या आपल्या मार्गदर्शनात म्हटलं आहे की रुग्णालाच ठाऊक असणारी गोष्ट दुसऱ्याने त्याच्या वतीने सांगू नये. रुग्ण बोलू शकत नसेल तर जवळच्याने जे दिसतं त्या घटना आणि वागणूक सांगावी. 'तिला वाईट वाटतं का' असं न विचारता 'या आठवड्यात किती वेळा रडली, किती रात्री जागली, आवाजाकडे मान वळवते का' असं विचारा. लान्स्कींची खेळाची पट्टी हेच करत होती. आणि शब्दांत उत्तर न देणारं प्रत्येक मूल या गटात ढकलू नका. चित्रांचा तक्ता दिला, वेळ दिला, तर नजरेने बोट दाखवणारी मुलं बरीच निघतात.

आता सर्वांत अवघड गाठ. मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजे सेरेब्रल पाल्सीची, आठ ते बारा वर्षांची मुलं घेऊन युरोपातल्या सात देशांत एक अभ्यास झाला. निष्कर्ष २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. ८१८ मुलांपैकी ५०० जणांनी किडस्क्रीनची उत्तरं स्वतः दिली. मन, घर, मित्र, शाळा अशी जगण्याची दहा अंगं ती वेगवेगळी मोजते. जिथे तुलना करता आली अशा जवळजवळ सर्व अंगांत त्यांचा जगण्याचा दर्जा इतर मुलांसारखाच निघाला. दहा अंगांपैकी सहांशी अपंगत्वाच्या तीव्रतेचा काहीच संबंध दिसला नाही. वेदनेचा मात्र दिसला, सगळ्या अंगांशी. वेदना जास्त तिथे सगळंच खाली. त्याआधी कॅनडात डॉक्टर सरोज सैगल यांनी जन्मतः एक किलोपेक्षा कमी वजन असलेल्या, आता किशोरवयात आलेल्या मुलांना विचारलं, तेव्हाही बहुतेकांनी आपलं आयुष्य चांगलं म्हटलं. १९९९ सालच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात अपंगत्वाच्या काही काल्पनिक अवस्था वाचून दाखवल्या, तर ६४ टक्के डॉक्टर-परिचारिकांनी त्यांतली निदान एक तरी अवस्था मरणापेक्षा वाईट ठरवली. पालकांत हे प्रमाण ४५ टक्के होतं. मुलांच्या सर्वांत जवळून औषधोपचार करणारी माणसंच त्यांच्या आयुष्याकडे सर्वांत काळ्या चष्म्यातून बघत होती.

लगेच दोन टोकाची माणसं पुढे येतात. एक म्हणतो, मुलांना जमवून घ्यायची सवय झाली, त्यांची उत्तरं खरी धरू नका. दुसरा म्हणतो, मुलं मजेत आहेत ना, मग उतार, लिफ्ट, व्यायामतज्ज्ञ हवेत कशाला? पहिल्याला मी विचारतो, तुमच्या स्वतःच्या समाधानातून जमवून घेतलेलं वजा केलं तर उरतं किती? दुसऱ्याशी वाद घालताना मात्र राग आवरावा लागतो. शाळेत जिना चढता येणं हा मुलाचा हक्क आहे. तो बजावण्यासाठी त्याने आधी दुःखी असल्याचं सिद्ध करावं, हा कुठला न्याय? जगण्याचा दर्जा हा आकडा कशाची गरज आहे ते दाखवायला वापरा, गरज नाकारायला नको. वेदनेचंच बघा. अपंगत्व पुसता येत नाही, वेदना बऱ्याचदा कमी करता येते. आणि मुलांनीच आपल्या खुणांमधून त्या वेदनेकडे बोट दाखवलेलं आहे.

पैशांच्या हिशेबात हा आकडा शिरतो तेव्हा मुलांचा आवाज जवळजवळ गायब होतो. एखाद्या औषधाने किती वर्षं मिळाली आणि ती किती चांगली, यांचा गुणाकार करून काही देशांत सरकारी खर्च ठरतो. त्यासाठी प्रत्येक अवस्थेला किंमत लावावी लागते. मुलांसाठी असलेल्या इक्यू-फाइव्ह-डी-वाय या छोट्या प्रश्नावलीत पाच गोष्टी आहेत : हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि काळजी-दुःख. खुणा मूल करतं. पण हिंडता न येणं जास्त वाईट की दुखणं, हे ठरवायला २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार मोठ्यांना सांगतात, दहा वर्षांच्या एका मुलाची कल्पना करा आणि त्याच्यासाठी निवडा. मृत्यूशी तुलना करायला लावणारे प्रश्न मुलांना विचारणं क्रूर आहे, हे मला पटतं. पण निदान दोन गोष्टींपैकी कोणती जास्त वाईट, एवढं तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना विचारायला काय हरकत आहे? आपल्याशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने त्यांना १९८९ सालीच दिला आहे.

आणि विचारायचंच असेल तर उत्तराचं काहीतरी करा. नेदरलँड्समध्ये 'क्लिक' नावाची पद्धत चालते. मूल घरी बसून प्रश्नावली भरतं, डॉक्टर भेटीआधी ती बघतात आणि खुणांवरून बोलणं सुरू होतं. याउलट मुलांकडून कागद भरून घ्यायचे आणि संगणकात कोंबून विसरून जायचं, हे चार वेळा झालं की पाचव्या वेळी मूल सरसकट 'कधीच नाही'वर खुणा करून मोकळं होतं. त्याला कोण दोष देईल?

परत केलेला तो कागद भाचीने घडी करून दप्तरात ठेवला होता. पुढच्या खेपेला एक तरुण डॉक्टर होत्या, ताईने तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एकच खूण बघितली, दोनदा गिरवलेली, आणि विचारलं, "काळजी कसली वाटते गं?" भाचीने जरा वेळ घेतला. मग म्हणाली, पंप दप्तरात असतो, दप्तर वर्गात, आणि खेळाच्या तासाला वर्गाला कुलूप. डॉक्टरांनी शाळेला दोन ओळींची चिठ्ठी दिली. तेव्हापासून पंप तिच्या खिशात असतो आणि ती गोलकीपर नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच कागद आला. धावायला त्रास होतो का या प्रश्नावर या वेळी तिने मधल्या, ५० गुणांच्या 'कधी कधी'वर खूण केली. त्या भागातली बाकीची उत्तरं तशीच होती, त्यामुळे शरीराच्या आठ प्रश्नांचा तिचा गुण सव्वासहाने घसरला.